आधी खालाचं वजन

माय, काल अकोल्याला आपल्या गल्लीत गेले होते. अमरावतीच्या पेपरच्या ऑफिसातून निघाले तेव्हा डोक्यात फक्त बातमी होती: मुलांचं वाढतं वजन आवरायला वस्तीतल्या बायका एकत्र आल्यात. वाढतं वजन, तेही आपल्या गल्लीत! तुझा विश्वास बसणार नाही. तू अंगणवाडीत उसळीचं पातेलं घेऊन पोरांच्या मागे फिरायचीस. एखाद्याचं वजन जरा वाढलं की त्या दिवशी आपल्या घरी सण असायचा. आता आई-बाप दोघंही सकाळीच कामावर जातात, पोरांच्या हातात दुकानातला तळलेल्या खाऊचा पुडा असतो, आणि आम्ही जिथं खेळायचो ते मैदान गाड्यांनी भरलंय. धाकट्या भावाची नात, म्हणजे तुझी पणती, तिसरीत आहे. जिना चढताना धापा टाकते. आत्ताच आवरलं नाही तर साखर लहानपणीच मागे लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पोरं चिडवतात म्हणून ती शाळेतून आली की मोबाइल घेऊन घरातच बसायची.

मला तुझा एक दिवस आठवतो. कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगलाय, खाली कापडाची झोळी लोंबतेय. हडकुळ्या पोरांच्या आया रांगेत उभ्या आहेत, आणि एका गुटगुटीत पोराची आई त्याला पदराखाली लपवून निघून चाललीये. मी हसते. तू माझ्यावर डोळे वटारतेस. "हसून राहिली काहून वं? भरल्या अंगाचं लेकरू चारचौघांत तोललं तं नजर लागते म्हनते ते. तिचा जीव हाय त्याच्यात." संध्याकाळी तू तिच्या घरी गेलीस, दार लोटून घेतलंस आणि गुपचूप वजन केलंस.

नजरेची ही भीती गेल्या वर्षी आलेल्यांना ठाऊक नव्हती. बाहेरून आलेल्या एका संस्थेच्या मुलांनी गल्लीच्या तोंडाशी काटा मांडला आणि एकेका पोराचं वजन मोठ्यानं वाचलं. मनानं चांगलीच होती ती मुलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी एकही दार उघडलं नाही. तुझ्या पणतीचा आकडा तर तिचं चिडवायचं नाव होऊन बसला. भावाची सून सांगत होती, "आत्याबाई, तवापासून पोरगी पायच बाहेर टाकेना."

समोरच्या घरातली खाला तुला आठवत असेल. तेव्हा तरणीताठी होती, तुझ्याकडे पोरगा सोडायला यायची. आता केस पांढरे झालेत आणि अंगही चांगलंच सुटलंय. तिनं काय केलं सांगू? तोच काटा परत गल्लीत मागवला, सगळ्या बायकांना बोलावलं आणि बुरख्यासकट आधी स्वतः चढली. आपला आकडा पार मशिदीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडून सांगितला. "नजर लागाचीच असन तं पैले मले लागू दे! पोरायचं वजन कोनी बोलाचं नाही." बायका हसून हसून खाली बसल्या. मग एकेक जण चढत गेली, आपापला आकडा सांगत. मुलांचं वजन आता पडद्यामागं होतं आणि फक्त आईच्या कानात सांगतात.

पण तू बघायला हवी होतीस ती कालची संध्याकाळ. उन्हं उतरली की गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोरीच्या बाजा आडव्या पडतात आणि गाड्या बंद. एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत राहिला. "खाला, बाज हटवा ना!" "ढकलत ने बापू, तेवढंच तुयं पोट उतरन." तो मुकाट्यानं ढकलत गेला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं बायकांच्या सांगण्यावरून पुड्यांच्या माळा आत नेल्यात, दारात फुटाणे आणि बोरं मांडलीत. "धंदा बसन माया," म्हणून कुरकुरतो, पण रोज मांडतो. रस्त्यावर खडूनं चौकोन आखला गेला आणि लुगड्यातल्या, बुरख्यातल्या, पंजाबी ड्रेसमधल्या बाया पोरांबरोबर लंगडी खेळायला लागल्या. आजवर किती योजनांची उद्घाटनं मी लिहिली असतील, पण अशी थक्क कधी झाले नव्हते. फीत नाही, माइक नाही, कुणाची वाट बघणं नाही. बाजा आणि खडू, एवढंच.

तुझी पणती दाराच्या चौकटीत उभी होती. खालानं तिला हाक मारली नाही. मुद्दाम तिच्याच दाराच्या पायरीवर येऊन धपकन बसली. "हाय अल्ला, गेला माया गुडघा. आता माया डाव कोन घेन?" पोरगी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग पायरी उतरली. एकदोन उड्या मारल्या आणि पाय टेकला. कुणी हसलं नाही. या गल्लीत पाय टेकला तरी बाद नाही. दम खायचा आणि तिथूनच पुढं निघायचं. ती दम खाऊन परत निघाली, लालबुंद तोंडानं, ओठ दाताखाली धरून.

हे पत्र तुझ्यापर्यंत जाणार नाही, म्हणून सांगते. काल मी बातमी वेळेवर दिली नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संपादकांना म्हटलं, नेटवर्क नव्हतं. नेटवर्क होतं, माय. मी चपला काढून त्या चौकोनात उतरले होते, आणि तुझ्या पणतीनं मला धरावं म्हणून मुद्दाम हळू पळत होते.