निवडलेला घेवडा

ता. ९ नोव्हेंबर

ती. वहिनींना नमस्कार,

मी बरा आहे. दादाचा गुडघा कसा आहे ते कळवा. छोटीची परीक्षा झाली असेल. खुशाली विचारून झाली. आता पुढचं लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी ऑफिसचं रडगाणं ऐका.

आमच्या साहेबांना करपा रोगाला दाद न देणारा घेवडा तीन वर्षांत हवाय. सध्याच्या वाणाला शेंगा धरल्या की काळे डाग पडतात आणि आठ-दहा दिवसांत सगळं पीक हातचं जातं. नवा वाण काढायचा तर कुठल्या तरी जुन्या घेवड्यात ती ताकद आधीच असावी लागते, ती आम्ही हवेतून आणू शकत नाही. म्हणून संस्थेच्या संग्रहातली बियांची एकशे बारा पाकिटं जनुकीय तपासणीला दिली. एकशे बारा नावं, नाना रंग! निकाल आला आणि कपाळावर हात मारून घेतला. बहुतेक सगळी एकाच घराण्यातली, नुसते कपडे वेगळे. अठरा वर्षं हे भांडार म्हणून मी मिरवत होतो.

एकच पाकीट वेगळं निघालं. तुमचं. मी नोकरीला लागलो त्या वर्षी तुमच्या डब्यातून मूठभर बी उचलून नेलं होतं ना, तेच. पांढरे, पिवळे, काळे, ठिपक्यांचे, सगळी सरमिसळ. त्यातल्या एका बारक्या, सुरकुतलेल्या तपकिरी दाण्यात नेमकी ती ताकद सापडली. मी आनंदाने खुर्चीतून उठलोच. पण उरलेले तपकिरी दाणे पेरले, तर एकही उगवेना. शीतघरात ठेवायचं पाकीट मी टेबलाच्या खणात टाकून ठेवलं होतं, बी केव्हाच मेलं होतं. मेलेल्या दाण्याची तपासणी होते, पेरणी होत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात न कळवता तुमच्याकडे आलो. तुम्ही डबा ओतलात आणि परातीत सगळा पांढरा, टपोरा, एकसारखा घेवडा. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दादासमोर, छोटीसमोर मी आरडाओरडा केला. "आईने जन्मभर जपलेलं बी तुम्ही घालवलंत," म्हणालो. तुम्ही परात उचलून आत गेलात. मी पाणीसुद्धा न पिता तणतणत निघालो आणि बसमध्ये, अर्ध्या वाटेवर, मला सगळं आठवलं.

खरं सांगू? अर्ध्या वाटेवर नाही. ओरडतानाच आठवत होतं. म्हणूनच आवाज इतका चढला.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात परात मांडीवर घेऊन मीच बसलो होतो. हातात नवी कोरी पदवी. "वहिनी, ही खिचडी बियाण्याला ठेवू नका. टपोरे पांढरे तेवढे निवडा, बाकीचे शिजवून टाका." तुम्ही एक बारका तपकिरी दाणा चिमटीत धरून म्हणालात, "भावोजी, दमट वर्षी बाकीचे माना टाकतात, पण हे तग धरतात हो. राहू द्या की थोडे." आणि मी काय म्हटलं? "शेतकी तुम्ही शिकलात की मी?" तुम्ही हसलात. आणि मग दरवर्षी, न चुकता, माझं ऐकून निवडत राहिलात. इतकं का ऐकलंत हो माझं? एकदा तरी मला वेड्यात काढायचं होतंत!

बघा, अजूनही तुमच्यावरच चिडतोय. चीड माझी मलाच आली आहे, पण सवय जात नाही.

आणखी एक आहे. खरं तर तेवढ्यासाठीच कागद घेतला होता. तुमच्याकडून परतल्यावर संस्थेच्या अहवालात मी लिहिलं, 'जतन करणाऱ्या महिलेच्या अज्ञानामुळे वाण नष्ट झाला.' नाव घातलं नाही, पण महिला तुम्हीच. गेल्या आठवड्यात साहेबांकडे गेलो. म्हटलं, वाक्य बदलायचंय, निवडायला मीच सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "अहो, छपाईला गेलं ते. आणि त्या बाई थोड्याच वाचणार आहेत? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?" मी मान डोलावून बाहेर आलो. माझा आवाज चढतो तो फक्त तुमच्यासमोर, साहेबांसमोर नाही.

आज अहवाल छापून आला. प्रत पत्रासोबत ठेवली आहे. पान सात, खालून तिसरी ओळ. मी जिथे ओरडलो तिथेच बसा, दादाला आणि छोटीला बोलवा आणि ती ओळ मोठ्याने वाचा. मग हे पत्र वाचा. काही गाळू नका. साहेबांच्या वरच्या संचालकांनाही सगळं लिहून आज सकाळी टपालात टाकलं. माझं काय करायचं ते करू देत.

विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. मी शहाणपणा शिकवण्याआधी तुम्ही कुणाला, माहेरी, शेजारी, त्यातलं मूठभर बी दिलं होतंत का? आठवलं तर दादाकडून निरोप धाडा, माझ्याशी बोलायची गरज नाही. नाही आठवलं तर ते बी संपलं. तसं झालं तर ते कुणी संपवलं, हे निदान आपल्या घरात तरी नीट ठाऊक असू द्या.

पान सातवरचं अज्ञान ज्याचं आहे तो,
तुमचा दीर