अंगदच्या खोलीतला दिवा

अहो,

मोबाइल टीव्हीवर विसरून कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेलात, म्हणून ही चिठ्ठी. मी अकराच्या गाडीनं पुण्याला अंगदकडं निघालेय. घाबरू नका, तो बोलतो, जेवतो.

तीन आठवडे व्हिडिओ कॉलवर पोराचं तोंड काळं दिसतंय म्हणून तुम्ही आपल्याच खोलीत उजेड वाढवत बसलात. दोन ट्यूब, मांडववाल्याचा फोकस, वर भिंतीला माझी पांढरी चादर. मी म्हटलं, "अंधार त्याच्याकडं हाय, मंग दिवे आपल्याकडं कशाला?" तर म्हणालात, "तुला त्यातलं काय कळतंय?" आणि तो तिकडून म्हणायचा, "बाबा, अजून एक लावा, आता बराबर दिसायलंय."

आज सकाळी मी त्याच्याशी बोलत होते, तेवढ्यात त्याच्या मित्रानं खोलीत येऊन दिवा लावला. अंगदच्या डोक्यावर केसच नाहीत. कानापासून टाळूपर्यंत टाक्यांच्या खुणा. मी चौदा मोजल्या. महिन्यामागं आठवडाभर कामात आहे म्हणाला होता ना, तेव्हा दवाखान्यात होता. मोटारसायकलवरून पडला. "मुद्दामच अंधारात बसत होतो, आई."

भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं झाकून ठेवलंय. उद्या दहाला त्याच्याशेजारी बसून मी कॅमेरा लावते. दाढी करून, सगळे दिवे लावून बसा. त्याला तुम्हालाच बघायचं होतं. रडायचं ते मात्र आजच रडून घ्या. तुमच्या त्या उजेडात सगळं दिसतं.

— नंदा