मावशीला न कळवलेल्या दोन ओळी

आई, तू असतीस तर आधी विचारलं असतंस, एवढं काय लिहितीस. सांगते. तुला झालं होतं तेच मलाही झालं. ऑपरेशन झालं, सहा केमो झाले, केस परत आले, शाळेच्या ऑफिसात पुन्हा कामावरही जाते. दवाखान्यात दर शनिवारी एक बाई आम्हा उपचार संपलेल्यांना गोलात बसवतात आणि वीस मिनिटं वहीत लिहायला लावतात. मनात येईल ते, न थांबता, शुद्धलेखनाची फिकीर न करता. लिहिल्यानं आजार जात नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आत साठलेलं जरा मोकळं होतं, एवढंच. मला हा रिकामटेकडा उद्योग वाटला होता. पहिले तीन शनिवार मी गोळ्यांची नावं आणि बसच्या वेळा लिहून पान भरलं. चौथ्या शनिवारी हात आपोआप तुझ्या पत्रावर गेला.

मी अकरावीत होते. सातपूरची आपली दोन खोल्यांची जागा, नाना कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले. तू स्वयंपाकघरात डाव्या हाताने मेथी निवडते आहेस, कारण ऑपरेशननंतर उजवा हात सुजलेला, आणि मी समोर पाटावर आंतरदेशीय पत्र पसरून बसले आहे. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे लासलगावकडे मावशीला जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातचं. तुला साधी गाठ आहे असं सांगायचं, आजाराचं नाव घरात काढायचं नाही, असं नानांनी मला बजावलं होतं. तू मेथीवरची नजर न काढता म्हणालीस, "लिही. डॉक्टर काय बी सांगत नाय, पण हे दुखणं मला सोडायचं नाय. मला लय भ्या वाटतं. एकदा येऊन जा म्हणावं." माझं पेन थांबलं. मग मी लिहिलं, आईची तब्येत सुधारते आहे, काळजी नसावी. "वाच बरं," म्हणालीस, तेव्हा मी तुझीच वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवली, कागदावर नसलेली. तू मान डोलावलीस. काय हुशारीनं निभावलं, असं मला वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी मावशीचं उत्तर आलं. कांदा काढणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, म्हैस व्याली, तू बरी आहेस हे वाचून जिवाला बरं वाटलं. यातलं शेवटचं तेवढं मी गाळलं. तू विचारलंस, "यायचं काय लिहिलंय?"

"काही नाही."

"मला भ्या वाटतं म्हणून कळवलं, त्याचं?"

"घाईत लिहिलं असेल गं."

तू सुजलेला हात मांडीवर घेतलास. मग म्हणालीस, "जाऊ दे. तिला तिचा संसार हाय." त्यानंतर तू मला एकही पत्र लिहायला सांगितलं नाहीस. दोन महिन्यांनी तू गेलीस. मावशी कशीबशी तिरडी उचलायच्या आधी पोचली.

मी लहान होते, नानांचा शब्द मोडता येत नव्हता, ही कारणं मी स्वतःला वर्षानुवर्षं दिली. आता माझाही हात सुजतो. भीती वाटते असं आपल्या माणसाला सांगायला किती जोर लागतो, ते आता कळतं, आणि ते सांगून उत्तरच आलं नाही तर काय होत असेल, तेही. तू बहिणीवर रुसून गेलीस, तिची काडीची चूक नसताना. याची मला लाज वाटते, आई. माफ कर म्हणायलाही जीभ रेटत नाही.

मावशी सध्या माझ्याकडेच आहे. पहिल्या केमोला पिशवी घेऊन आली ती परत गेलीच नाही. मला मऊ भात खाऊ घालते, कामावर निघाले की स्कार्फ बांधलास का म्हणून दारापर्यंत येते. आणि आठवड्यातून एकदा तरी म्हणते, "तुझ्या आईनं एका शब्दानं कळवलं असतं, तर शेतातला कांदा तसाच टाकून आले असते. मला परकं केलं तिनं." मी हं म्हणते आणि ताट उचलते.

लिहिलेलं कुणाला दाखवायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं, असं बाई म्हणतात. मावशी धाकटी म्हणून चौथीपर्यंत शिकली. रोज चष्मा लावून पेपर वाचते. वही तिच्यापुढे ठेवली की काम झालं. मी ती ऑफिसच्या पिशवीत डब्याखाली ठेवते. खरं तर हे पत्र तिलाच लिहायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तुला वाचता येत नाही.