हातांनी मागितलेलं दूध

३ जुलै
रजा संपली, आज बँकेत रुजू. चिनू सात महिन्यांची. तिला आईकडे अशोक चौकात सोडलं. आई जन्मापासून बहिरी, बोलतही नाही. आमचं सगळं हातांनी चालतं. निघताना माझा चेहरा बघून तिनं खूण केली, तुला मीच वाढवलं ना?

९ जुलै
अकलूजहून सासूबाईंचा फोन. "दिवसभर तिच्यापाशी ठिवतीस. पोरगी बोलायला कुटनं शिकायची गं?"
"मी शिकलेच की."
"तुला शेजारपाजार होता."
खरंय. समोरच्या मावशी तेलुगूत बोलायच्या माझ्याशी. बालवाडीत बाईंकडे पाणी नाही, 'नीळ्ळू' मागितलं होतं! अख्खा वर्ग हसला.

२१ जुलै
चिनूचं बा-बा-बा सुरू. पण तिचे बाबा महेश नि मी असलो तरच. आज लवकर सुटले, खिडकीतून पाहिलं. आईपाशी आवाजच नाही. नुसते हात हलवते. डॉक्टरांची वेळ घेतली.

४ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, कान उत्तम. हातांनी बोलू द्या, घरी तुम्ही भरपूर बोला. सासूबाईंना पटेना. "म्हैनाभर बघते, न्हायतर हिकडं घेऊन येते."
आई टॉवेलच्या कडा शिवायची त्या दुपारी आठवल्या. मी तिच्या पाठीला पाठ लावून मोठ्यानं पाढे म्हणायचे. तिला पाठीतून कळायचं. चुकले म्हणून नाही, थांबले म्हणून वळून बघायची.

१९ ऑगस्ट
चिनूनं आईकडे बघत मूठ उघडली, मिटली. परत तसंच. दूध! आमच्या घरातली खूण. मीही अशीच मागायचे म्हणे. आईचे डोळे भरले. हा पहिला शब्द धरायचा का? मी धरला.

७ सप्टें.
सासूबाई आल्या, न्यायच्या तयारीनं. चिनूनं त्यांच्यापुढेही मूठ उघडली-मिटली.
"काय म्हणतीय?"
"दूध मागतेय."
स्वतः वाटी-चमचा घेऊन बसल्या. "लई हुशार हाय की." चिनूची पिशवी भरली नाही. दिवाळीपर्यंत बघू म्हणाल्या.

२६ ऑक्टो.
दारात चपला काढत होते. आई पाठमोरी, मेथी निवडत. चिनू तिच्याकडे बघून म्हणाली, "आई." स्वच्छ. घरी तिच्याविषयी बोलताना मी म्हणते तेच उचललंय. आई वळली नाही. परत, "आई." मग रांगत गेली नि मांडीवर चढली.
मी समोर बसून सांगितलं, हिनं तुला हाक मारली. दोनदा.
आईनं चिनूच्या ओठांवर बोट ठेवलं. मग विचारलं, आवाज कसा आहे? तुझ्यासारखा?
हात उचलले. काय सांगू? तिनं माझाही कधी ऐकलेला नाही.
आई अजून वाट बघत होती.