पेल्यांत उरलेली लाल वाइन

तीर्थरूप आत्या,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांसकट तुला साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? खोकला गेला का? (गेला असेल तर कशाने गेला, ते जरूर कळव. का विचारतोय ते पुढे येईल.) मी इथे मजेत आहे. निदान परवापर्यंत होतो.

मी स्वयंपाकी आहे त्या वाइनच्या कारखान्यात एक मिश्रणवाली आहे, हे तुला माझ्या प्रत्येक पत्रातून कळलंच असेल. तीन जातींच्या द्राक्षांच्या लाल वाइन वेगवेगळ्या पिंपांत मुरतात, आणि त्या एकमेकींत किती मिसळायच्या हे ती ठरवते. दुपारी ती पेले मांडते, मी सोबत खायला काहीबाही रांधतो. पडद्यातून ऊन येतं, पेल्यांतून आरपार जातं आणि टेबलावर लाल कवडसे पडतात. ते तिच्या मनगटावरही पडतात, आणि मग माझं मीठ दोनदा पडतं. तिथली रीत अशी, की घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. मला ते जमतच नाही गं! ताटात घासभर टाकलं तरी तू कशी बघायचीस, ते आठवतं. म्हणून मी सगळं गिळतो, आणि माझ्या दुपारी जमिनीपासून वीतभर वर तरंगत जातात. (स्वयंपाक करपत नाही. एकदाच करपला.)

तुझ्याच धाकाने मी पेल्यांत उरलेली वाइन रोज एका बाटलीत ओतून ठेवायचो, मटण शिजवायला. (उष्टी म्हणू नकोस, शिजल्यावर काही राहत नाही.) परवा मालक आले आणि नेमकी तीच बाटली उघडून बसले. एका घोटात त्यांचे डोळे मिटले. हीच यंदाची वाइन, म्हणाले! मीही चाखली. आत्या, काय सांगू तुला! आधी पिकलेला आलुबुखार, मग काळी मिरी, मग तुझ्या लाकडी कपाटाचा वास, आणि घोट उतरून गेल्यावर, आपण दुसरंच काही बोलत असताना, हळूच कोको. मंद आचेवरच्या मटणाबरोबर ती विरघळते, भाजलेल्या मशरूमशी गप्पा मारते, जुन्या चीजशी तर तिचं सख्ख्या बहिणीसारखं जमतं. माशाशी मात्र पटत नाही, तोंडात लोखंडाची चव येते. मला वाटलं, हिच्यात मिश्रणवालीच्या सगळ्या दुपारी आहेत. (हे मी मोठ्याने म्हणालो. मालक दचकले.)

पंचाईत पुढेच आहे. मालकांनी बोलता बोलता बाटली संपवली, गिऱ्हाइकांना नव्या वाइनची बातमी देऊन टाकली आणि मग मिश्रणवालीला प्रमाण विचारलं. ते कुणाला ठाऊक असणार, कपाळ! मी तिला खरं काय ते सांगितलं. ती रागावलीसुद्धा नाही, रिकामी बाटली उलटी करून थेंब शोधू लागली. माझी गाळण उडाली. ती म्हणते, पेलाभर जरी मिळाली तरी जिभेवरून प्रमाण काढीन, नाहीतर मालकांसमोर उभी राहणार नाही, नोकरी सोडून जाईन. तिने बॅगही भरायला घेतली आहे. ती गेली तर त्या खोलीत माझ्याने पाऊल टाकवणार नाही, तुला सरळच सांगतो.

तुझा सगळं गिळणारा भाचा

ता. क. तुझ्या खोकल्यासाठी मी पाठवलेली बाटली त्याच उरलेल्या वाइनच्या बाटलीतून भरलेली होती. उघडली नसशील तर हात लावू नकोस.

आणखी एक. ती बाटली न्यायला मिश्रणवाली स्वतः तुझ्याकडे येते आहे. मटण कर. मासे नकोत.

आणखी एक. बाटली संपली असेल तर दारातच सांगू नकोस. आधी जेवू घाल, मग माझ्याबद्दल तिला काय वाटतं ते काढून घे. तुला जमतं ते.

शेवटचं. बाटली शिल्लक असली तर मात्र काही विचारत बसू नकोस, लगेच तिच्या हातात दे. तिची नोकरी राहिली पाहिजे, मग ती मला नाही म्हणाली तरी चालेल. (चालणार नाही. पण दे.)