तोमोशी जहाजात माझा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

मराठीत येतेय!! तोमोशी मराठीत येतेय! मेडिकलवर बसल्या बसल्या ओरडलेच. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला म्हातारा घाबरून मागे सरकला.

इथे सांगायचं तरी कुणाला? सडक अर्जुनीत ॲनिमे म्हटलं की लोकांना ॲनिमिया ऐकू येतो, आणि मेडिकलवाली आहे म्हटल्यावर गोळ्याही मागतात. म्हणून इथेच लिहिते. तोमोशी हे या जपानी कार्टून-मालिकेचं नाव आणि त्यातल्या जुन्या मालवाहू जहाजाचंही. अंतराळातलं. पृथ्वी आणि चंद्रावरच्या वस्त्यांचं युद्ध पेटलंय आणि हे बिचारं अनाथ मुलांना पोटात घेऊन पृथ्वीकडे निघालंय. दोन्हीकडचे त्याच्यावर मारा करतात! वाट शोधते ती साकी. माझ्याच वयाची. सगळ्यांचं धाबं दणाणतं तेव्हा ती रेडिओ उचलते आणि बोलते — आणि मी दरवेळी रडते. जपानी येत नाही, खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती वाचेपर्यंत चित्र निघून जातं. आता मराठीत!

आणि खरी गंमत पुढेच. पुण्याचा स्टुडिओ नवे आवाज शोधतोय. कुणीही रेकॉर्ड करून पाठवा. मी साकी होणार. झालं, ठरलं!

५ नोव्हेंबर

आईला सांगितलं.

"तोंडाशी? हे कोनतं जहाज वो?"

तोमोशी, आई!

"तेच ते. तू दिसशीन का त्यात?"

दिसणार नाही, फक्त आवाज.

"मंग लगन जुळाले काय उपेग त्याचा?" आणि स्वतःच खो खो हसत सुटली. पण संध्याकाळी शेजारच्या कुसुमबाईंना सांगताना ऐकलं, "रंजिता पुन्यात बोलून राहिली आता." अजून काही पाठवलंसुद्धा नाही! बाजारात तुरी आणि आमच्या घरी पाहुण्यांना लाडू.

८ नोव्हेंबर

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. वाटोळं. घर हायवेला लागून. साकी म्हणते, "इथे भयाण शांतता आहे" — आणि मागे ट्रकचा भोंगा!

मग डोकं चालवलं. धान अजून घरी यायचंय, ते साठवायची मोठी ढोली रिकामीच. स्टूल लावून आत उतरले. आवाज विहिरीतून आल्यासारखा. आईने वरून गोधड्या टाकल्या तेव्हा कुठे जमलं. गोंदियाहून भूमिका फोनवर. कॉलेजपासूनची मैत्रीण, हिच्यामुळेच मला हे वेड लागलं. ओरडतेय, "यार, बातम्या नको वाचू! फील ला, फील!" अगं, ढोलीत भुसा आहे, शिंका येतात, कुठून आणू फील?

पण शेवटी आला. अंगावर काटा आला. खरंच.

९ नोव्हेंबर

पाठवलं!!!

९ नोव्हेंबर, तासाभराने

मेले. सगळं संपलं. पुन्हा ऐकलं. साकीचं सगळ्यात मोठं वाक्य — "पृथ्वी, ऐकताय ना? आम्ही येत आहोत." आणि मी काय बोलले? "आम्ही येऊन राहिलो!" इतका फील आणला की घरची बोली तोंडातून सटकली.

भूमिका हसून हसून लोळली. "पुनेवाले काय समजतील माहिती? आलो अन् राहिलो! मुक्काम ठोकला! आता आपण काई जात नाही!" हसून घे बाई. तुझं काय जातंय.

१७ नोव्हेंबर

फोन आला फोन आला फोन आला.

पुण्याच्या मॅडम स्वतः बोलल्या. "तुमचं ते येऊन राहिलो — आम्ही सगळे प्रेमातच पडलो. किती गोड! आम्हाला तुम्ही हव्या आहात." मी फक्त हो हो करत होते. चुकले, आणि चुकले म्हणूनच निवडली गेले! शनिवारी नागपूरच्या स्टुडिओत यायचं.

आईने कुसुमबाईंकडे बुंदी पाठवली. बाबा शेतावरून आले, त्यांना दारातच सांगितलं. "बरं झालं बेटा," म्हणाले आणि कितीतरी वेळ पाय धूतच राहिले.

२२ नोव्हेंबर

साकी नाही.

साकी पुण्याची कुणीतरी आहे. मी गोंपो. गोंपो म्हणजे जहाजातलं स्वयंपाकाचं यंत्र. पिंपाएवढं, धडपडणारं, मुलांना हसवायला ठेवलेलं. अख्ख्या जहाजात तेवढं एकटं आमच्यासारखं बोलणार. कॅप्टन शुद्ध. साकी शुद्ध. शत्रूसुद्धा शुद्ध!

"अजून थोडं गावठी करा ना," मॅडम काचेपलीकडून म्हणाल्या. केलं. त्या हसल्या. मीही हसले. तेच लागतंय जिवाला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मीच हसले.

२४ नोव्हेंबर

दोन दिवस लिहावंसं वाटलं नाही. आईने आज पकडलंच. "तोंड काऊन पाडून बसली?" सांगितलं. वाटलं चिडेल.

"ते गोंपो करते काय जहाजात?"

स्वयंपाक. सगळ्यांचा.

"बॉम पडून राहिले तरी?"

तरी.

"मंग हासाचं काय त्यात?" आणि गेली भात उतरवायला.

मी बसले विचार करत. मग सगळे भाग पुन्हा लावले, पण या वेळी साकीकडे बघायचं नाही असं ठरवून, फक्त गोंपोकडे. बाई गं! सोळाव्या भागात वीज जाते, कॅप्टन जखमी, साकी रेडिओशी झुंजतेय. अंधारात मुलांजवळ कोण आहे? गोंपो! मी इतक्या वेळा बघितलं आणि मला दिसलंच नव्हतं. शेवटी मीही त्याला पिंपच समजत होते.

आता मला साकी नको. खोटं कशाला लिहू, हवीच आहे. पण गोंपोही हवा. आणि माझ्या पद्धतीने हवा.

६ डिसेंबर

सकाळी विहारात वंदना, बाबासाहेबांना अभिवादन. पांढऱ्या साडीतल्या आईने परत येताना विचारलं, "तुहं सोळावं कदी?" आता तिलाही भागांचे आकडे पाठ झालेत!

१३ डिसेंबर, शनिवार

केलं!! जसं करायचं होतं तसंच केलं!

नागपूरला जाताना बसमध्ये खिडकीशी तोंड करून पुटपुटत होते. बाजूच्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. वेडी समजली असणार.

सोळावा भाग. बाहेर धमाके, मुलं रडतायत. कागदावर लिहिलेलं — गोंपो घाबरून तीनदा आपटतो, ओरडतो. मी म्हटलं, मॅडम, एकदा मला माझ्या मनाने करू द्या. आणि ओरडले नाही. आई घरात बोलते तशी बोलले. "भात होऊन राहिला, लेकरायहो. कोनी उठू नका. मी आहो ना इथंच."

बस, एवढंच. आवाज हलू दिला नाही.

रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेला मुन्नालाल, गोंदियाचाच निघाला, एवढंच म्हणाला, "बाप्पा." मॅडमनी हेडफोन काढला. "छान झालं. जरा गंभीर झालं, पण छान. बघू." बघू तर बघू! मला माहितीये कसं झालं ते. परतताना साकोलीला चहा घेतला. दोन समोसे घेतले. एक पुरला नसता इतका आनंद झाला होता.

१४ डिसेंबर

भूमिकाला फोनवर करून दाखवलं. म्हणाली, "यार, फिर से बोल."

१० जानेवारी, शनिवार

सगळे भाग पुढच्या रविवारी एकदमच येणार. आईने परस्पर ठरवून टाकलं — विहाराच्या हॉलमध्ये पडदा लावून सोळावा भाग सगळ्यांना दाखवायचा. अख्ख्या वस्तीला आमंत्रण. बाबा दाढी करणार म्हणे, आवाज माझा आणि दाढी यांची! मला झोप नाही, भूक नाही. मेडिकलवर एकाला पित्ताच्या जागी तापाची गोळी देत होते, वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं.

१८ जानेवारी, रविवार

हॉल गच्च भरला होता. वीज गेली, मुलं रडली, गोंपो तीनदा आपटला आणि ओरडला. आमच्या झाडीबोलीतच ओरडला, हेल काढून काढून. आवाज माझा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा तरी बसवला होता.

सगळे हसले. टाळ्या पडल्या. कुसुमबाईंनी माझी पाठ थोपटली, "हुबेहूब तूच वो पोट्टी!"

आई हसली नाही. माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "हे कोन होय?"