रामघाटावरची मोजणी

१९ फेब्रुवारी १९५६

माझा निबंध आमच्या मासळी खात्याच्या भय्यासाहेबांनी नागपूरच्या परिषदेत स्वतःचा म्हणून वाचला! परत आले आणि गळ्यातला हार कचेरीतल्या खुंटीवर टांगला, सगळ्यांना दिसेल असा. मी सरळ विचारलं, माझं नाव घेतलंत का? हसून म्हणाले, "विनोदिनीबाई, परिषदेत पुरुषमाणसाचं नाव लागतं हो. काम काय, खात्याचंच."

दोन उन्हाळे भैरवगढच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात मी उभी होते. काठावर ठशांनी छापलेले छापाचे कपडे धुणारे रंगारी मला हसायचे. हे साहेब तेव्हा काठावर छत्रीखाली पान लावत बसलेले. क्षिप्रेची धार उन्हाळ्यात तुटते तेव्हा महाशीर माशाच्या माद्या त्या एका डोहात येऊन तग धरतात, आणि पूर आला की वर चढून अंडी घालतात — हे मी शोधलं. मी! त्या शोधामुळे तिथे जाळं टाकायला बंदी झाली. डोह गेला तर नदीतून महाशीर गेला, इतकं सोपं आहे ते.

अण्णांना सांगितलं. रेल्वेत जन्म गेला त्यांचा, वरच्या साहेबाशी वाद म्हटलं की अंगावर काटा येतो. म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, विनू." मी म्हटलं, माशाशी नाहीच करत आहे, अण्णा.

२० फेब्रुवारी

बघून घेईन.

११ मार्च

देवास गेटच्या एका ठेकेदाराला भैरवगढचा डोह हवाय. अर्ज वरपर्यंत गेला आणि वरून हुकूम आला: नदीत मासळी किती, ते मोजून कळवा. भरपूर असेल तर बंदी उठेल, कमी असेल तर राहील.

मोजणार कोण? भय्यासाहेब! कुठे? डोहात नाही, पाय ओले होतात. रामघाटावर खुर्ची टाकून. मासे धरणारे कहार लोक जिवंत मासे घेऊन घाटावर येतात, ते रोज मोजायचे आणि बेरीज करायची. "शास्त्रीय पद्धत," म्हणाले. मी शेजारी बसून सांगतील तसं लिहायचं. म्हणजे कारकुनी पुन्हा माझी आणि हार पुन्हा त्यांचा.

२ एप्रिल

आज इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला.

माणिक कहार सकाळी टबात मासे घेऊन येतो. घाटावरचा भटजी, पंडा, ओरडतो, "मछली छुड़वा लो जजमान, सात पीढ़ी तर जाएगी!" यात्रेकरू पैसे देतो, मासा पाण्यात सोडतो, हात जोडतो. टबात अर्धमेला झालेला मासा धारेबरोबर हळूहळू खाली जातो, आणि पायऱ्यांच्या पुढे माणिकचा मेहुणा जाळं धरून उभाच असतो. दुसऱ्या दिवशी तोच मासा पुन्हा घाटावर, पुन्हा पुण्य. घाटावर वावरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. भय्यासाहेब एरवी घाटावर येतात फक्त श्राद्धाला, त्यांना काय कळणार!

एक महाशीर डाव्या डोळ्याने आंधळी आहे, पांढरा पडलाय डोळा. सोमवारी मोजली, एकादशीला मोजली, आज परत मोजली. दर वेळी नवी म्हणून. माणिकच्या लक्षात आलं की मी ओळखलं. कानाशी येऊन म्हणाला, "बाईसाब, ये तो हमारी लक्ष्मी है. किसी से बोलना मत."

बोलते कशाला?

३ एप्रिल

ठरलं. मोजू दे त्यांना. सप्टेंबरात ग्वाल्हेरहून मोठे साहेब बैठकीला येणार आहेत, हा अहवाल त्यांच्यासमोर वाचला जाईल. भय्यासाहेब शेवटचं वाक्य वाचून चष्मा काढतील आणि मी उठेन. अगदी नम्रपणे विचारेन, "सर, आंधळ्या डोळ्याची महाशीर आपण किती वेळा मोजली?" मग माणिकला आत बोलावेन. मोजणी रद्द, डोह सुरक्षित, आणि साहेबांचं तोंड काळं. घोडामैदान जवळच आहे.

२८ मे

ऊन मरणाचं. भैरवगढला जाऊन आले. डोहात पाणी जेमतेम उरलंय, तळ दिसतो. माद्या सावलीला गोळा होऊन उभ्या होत्या, एकीला एक लागून. ठेकेदाराचं एक जाळं पडलं तर एकही वाचणार नाही. वाटलं, आत्ताच जाऊन सांगावं, कशाला बैठकीची वाट बघायची?

कचेरीत आले. हार अजून खुंटीवर आहे. वाळून पाचोळा झालाय, तरी काढत नाहीत. नाही सांगितलं.

१४ ऑगस्ट

अहवाल पुरा झाला. शेवटी लिहायला लावलं: नदीत मासळी मुबलक आहे, बंदीची गरज दिसत नाही. माझाच निष्कर्ष माझ्याच हाताने पुसून घेतला! मी अक्षर मुद्दाम सुंदर काढलं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. भय्यासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नदीत तुम्ही उतरलात, मी नाही. यात काही चूक दिसते का? खरं सांगा." त्यांना इतकं गरिबासारखं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही सर. अगदी बरोबर आहे."

काय बरं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन आमरस मागितला, आणि अण्णा म्हणाले श्रावणात कुठला आमरस, वेडी झालीस का.

३० सप्टेंबर

बैठक पुढे ढकलली.

१८ ऑक्टोबर

बैठक होणारच नाही.

एक तारखेपासून नवं मध्य प्रदेश राज्य. ग्वाल्हेरची कचेरी ट्रंकांत भरली जातेय, सगळं भोपाळला निघालंय. जाण्यापूर्वी तुंबलेली प्रकरणं निकालात काढा, असा हुकूम सुटला. कुणी वाचलं नाही, कुणी विचारलं नाही, अहवाल बघून सही ठोकली. डोहाचा ठेका दिला.

तशीच धावत कचेरीत गेले. भय्यासाहेब ग्वाल्हेरला. तार करावी तर कुणाला? ग्वाल्हेरचं कार्यालय बंद झालंय आणि भोपाळचं अजून उघडलेलं नाही. तरी केली, भय्यासाहेबांनाच. उत्तर नाही.

२६ ऑक्टोबर

ठेकेदाराने डोह ओढून काढला. पूर उतरल्यावर खाली आलेल्या सगळ्या माद्या काठावर वाळूत पडल्या होत्या, छापाच्या ओल्या कपड्यांशेजारी. लहान पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. मला बघवेना.

माणिक तिथे मजुरीवर होता. आता नदी ठेकेदाराची, कहारांनी त्याच्यासाठी जाळं ओढायचं. माझ्याशी बोलला तो मान खाली घालून. "हम तो अनपढ़ ठहरे. पेट के लिए किया. बाईसाब, आप तो जानती थीं."

हो, जाणत होते. पण अहवालाखाली सही कुणाची? खोटी मोजणी कुणी केली? पाप त्यांचं, माझं नाही. नव्या राज्यात कधी ना कधी चौकशी होईलच, आणि ज्याच्या नावाने अहवाल आहे त्याच्याच गळ्याला फास लागेल. मी वाट बघेन. मला घाई नाही.

४ नोव्हेंबर

भय्यासाहेब पेढे घेऊन घरी आले. तार मिळाली नव्हती. माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाले, "नागपूरला तुमच्या मुलीचं काम मी लाटलं. तेव्हापासून मान वर करवत नव्हती. म्हणून वर पाठवताना या अहवालावर माझं नाव कुठेच ठेवलं नाही, फक्त तिचं घातलं. तिला विचारून घेतलं आधी, चूक नाही म्हणाली." अण्णांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, नमस्कार कर साहेबांना. केला.